छाती हलतेय, मग मृत्यू कसा?

अतिदक्षता विभागात डॉक्टर सांगतात, "मेंदूमृत्यू झालाय." नातेवाइकांना दिसतं ते वेगळंच: अंग गरम, छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके चालू. अशा वेळी अवयवदानाचा विचार तरी कसा करायचा?

हृदयाच्या उजव्या कप्प्यातला एक छोटासा पेशीपुंज स्वतःच विद्युत्-स्पंदनं निर्माण करतो. मेंदूचा हुकूम नसला तरी प्राणवायू मिळेल तोवर हृदय धडधडत राहतं. श्वासाचं तसं नाही. त्याची सूत्रं मेंदूच्या तळाच्या भागाकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाकडे असतात. तो मेला की छाती हलते ती फक्त व्हेंटिलेटरमुळे.

याची खातरजमा ॲप्निया चाचणीने होते. प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. जिवंत मस्तिष्कस्तंभ अशा वेळी श्वास घ्यायला लावतोच. इथे छाती निश्चल राहते. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात.

घरच्यांनी होकार दिला, की घड्याळ धावू लागतं. काढलेलं हृदय साधारण ४ ते ६ तासांत बसवावं लागतं. मूत्रपिंड एखादा दिवस टिकतं. अवयव कुणाला द्यायचा हे कुटुंब ठरवत नाही. महाराष्ट्रात ते काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार करतं.

दात्याने कार्ड भरलेलं असलं, तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारलं जातंच. म्हणून कार्ड पाकिटात ठेवून भागत नाही. आपली इच्छा घरात सर्वांना स्पष्ट सांगून ठेवायला हवी.