पाय काढला, तरी गाडी पळतेच

२८ ऑगस्ट २००९. अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या सँटी गावात एक लेक्सस ईएस ३५० भरधाव आली, पुढच्या गाडीवर आदळली आणि आतले चौघेही दगावले. स्टिअरिंगवर महामार्ग पोलिस दलातला मुरलेला अधिकारी होता. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचं रबरी मॅट टाकलेलं होतं आणि ते हुकात अडकवलेलं नव्हतं. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल त्याच मॅटमध्ये अडकलं. त्याआधी काही दिवस तीच गाडी नेलेल्या ग्राहकाला हाच अनुभव आला होता, आणि त्याने तो डीलरच्या काउंटरवर सांगितलाही होता. मला या घटनेतली ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

ब्रेक का लागले नाहीत? ब्रेक हलका करणारा बूस्टर पेट्रोल इंजिनाच्या निर्वातावर चालतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडा राहिला की हा निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. बूस्टरमध्ये साठलेली शिल्लक एक-दोन दाबांतच संपते आणि मग पेडल दगडासारखं घट्ट लागतं. म्हणून अशा वेळी ब्रेक सोडून-सोडून मारायचा नाही. एकदाच, सगळ्या ताकदीने दाबून तसाच धरायचा. त्याच वेळी गिअर न्यूट्रलला टाकायचा. इंजिन कितीही किंचाळलं तरी किंचाळू द्यावं, चाकांपर्यंत त्याचा जोर पोहोचत नाही. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करायचं. धावत्या गाडीत किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाड्यांत चालत्या गाडीचं इंजिन बंद करायला बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, नुसतं टिचकून भागत नाही.

पूर्वी पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल असे. तिच्या आवरणात पाणी शिरलं, तार गंजली की ती अडकायची आणि मेकॅनिक तेल सोडून किंवा केबल बदलून मोकळा व्हायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत ही केबलच नाही. पेडलवरचे दोन सेन्सर पाय किती दाबला ते संगणकाला सांगतात. संगणक मोटर फिरवून थ्रॉटलची गोल पाती उघडतो. पाती खरंच किती उघडली हे आणखी दोन सेन्सर कळवतात. प्रत्येक जोडीतल्या दोन सेन्सरांचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात: काही गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो, काहींत एक वाढताना दुसरा उतरतो. हिशेब जुळला नाही की संगणक मोटरचा पुरवठा तोडतो, स्प्रिंग पातीला जेमतेम उघड्या जागेवर आणते आणि गाडी रांगत गॅरेजपर्यंत जाते.

केबल गेली आणि एक गंमतशीर अडचण उभी राहिली. पेडल पायाला फारच हलकं लागू लागलं. मग त्यात मुद्दाम घर्षण आणणारा प्लास्टिकचा भाग बसवण्यात आला. लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाच्या काही पेडलांत हाच भाग झिजून आणि दमटपणामुळे चिकटू लागला. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय होता पोलादाची एक छोटीशी पट्टी. इलेक्ट्रॉनिक्सवरचा संशय तपासायला नासाच्या अभियंत्यांना बोलावलं गेलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात अशा बेफाम वेगाचा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचं त्यांनी नोंदवलं. वाद तिथे संपला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने एका कॅमरीच्या अपघातात कंपनीला जबाबदार धरलं. तरीही शोध मॅट आणि पेडलपासूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन बंद ठेवा, वाकून पेडल हाताने हळूहळू तळापर्यंत दाबा आणि सोडा. ते लगेच, न रेंगाळता वर आलं पाहिजे. मॅट काढून पुन्हा करून बघा. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर बाजारातलं जाड मॅट टाकायची सवय आहे. ती सोडा; एकच मॅट, तेही हुकात.

पेडल ठीक असेल तर लक्षणं बघा. सिग्नलला आरपीएम वर-खाली होतात, इंजिन बंद पडतं, किंवा पेडल दाबल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग गाडी झटका देऊन निघते. बहुधा पातीच्या कडेला काजळीचं काळं, चिकट कडं धरलेलं असतं. सिलिंडरमधून खाली निसटणारे वायू तेलाची वाफ घेऊन पुन्हा हवेच्या वाटेत येतात, आणि तीच तिथे थिजते. स्कॅनरवर पी २१११ कोड आला तर पाती उघडी अडकल्याची, पी २११२ आला तर बंद अडकल्याची तक्रार असते. कोड पुसून गाडी ताब्यात देणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन स्कॅनरवर शेजारी-शेजारी दाखवायला सांगा; पाती कुठे अडते ते तिथे दिसतं.

सफाई साधी आहे, पण घाईची नाही. थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर मऊ कापडावर घेऊन कडा पुसायच्या. कार्ब्युरेटरचा जहाल क्लीनर काही गाड्यांतला आतला लेप खाऊन टाकतो. इग्निशन चालू असताना पातीला बोट लावू नका, मोटर ते चिरडू शकते. स्क्रू ड्रायव्हरने रेटलं तर आतले गिअर जातात. काजळी निघाल्यावर त्याच कोनात जास्त हवा जाते, म्हणून अनेक गाड्यांत आयडलिंग स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं. ते राहिलं तर साफ केलेली गाडीच रेस घेते आणि चांगली थ्रॉटल बॉडी विनाकारण बदलली जाते.