कुंडींतील वडाचा हिंवाळा

ताटाएवढ्या कुंडींतील वड पाहून शेतकरी बंधूंस हंसूं येणें स्वाभाविक आहे. ही कला चीनमधून जपानांत गेली व ‘बोन्साय’ या नांवानें आपणांकडे आली. छत्रपती संभाजीनगरच्या हौशी मंडळींत बसूं लागल्यावर आम्हींही एक वड लाविला.

गेल्या हिंवाळ्यांत त्यास मायेनें दोन्ही वेळ पाणी घातलें. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. तहान समजून आम्हीं पाणी वाढविलें! अखेर मंडळींतील एका माळीबुवांनीं मातींत बोट खुपसून दाखविलें. खालीं चिखल झाला होता व मुळें कुजूं लागलीं होतीं.

थंडींत वडाची वाढ मंदावते, मुळें पाणी कमी शोषितात. उथळ कुंडी रात्रीं लवकर गारठते. म्हणून वरची माती सुकल्यावरच सकाळीं पाणी द्यावें. कुंडी उन्हांत, परंतु वाऱ्याच्या आडोशास ठेवावी. खत व मुळांची छाटणी थंडी सरेपर्यंत करूं नये. मात्र आंबेबहारासाठीं मोसंबीस देतों तसा ताण या झाडास देऊं नये. उथळ मातींत तो सोसत नाहीं.

एक फांदी गेली, वड वांचला. जन्मभर दफ्तरांत पीकपाहणी लिहिली; मातींत बोट घालून पाहणें मात्र या कुंडीनें शिकविलें.