दूरच्या वर्गाची पूर्वतयारी

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूर हें तालुक्याचें गांव. दहावी झाली कीं या बाजूचे पुष्कळ आईबाप मुलास लातुरास खोली घेऊन देतात. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें जी शिकविण्याची रीत महाराष्ट्रभर गाजली, तिच्यासाठीं हा खर्च सोसावयाचा असतो. ज्यांना तो सोसत नाहीं, त्यांचीं मुलें गांवांतच राहतात. लातुरांतील किंवा पुण्यांतील एखादा जाणता अध्यापक पडद्यावरून चाकूरच्या वर्गास शिकवूं लागला तर त्या मुलांची बरीच सोय होईल, हा विचार कोणासहि सुचण्यासारखा आहे. परंतु तो अमलांत आणावयाचा तर शाळेंत आधीं काय तयारी हवी, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

श्रोतेहो, आपण माझें भाषण ऐकत आहां. पण मध्येंच एखादी शंका आली तरी मला विचारूं शकत नाहीं. नभोवाणीची वाट एकेरी आहे. साठवून ठेवलेला पाठ पडद्यावर दाखविणें हेंहि तसेंच. प्रत्यक्ष चालू असलेल्या वर्गाचें सारें मोल मुलाचा प्रश्न गुरुजींपर्यंत पोंचण्यांत आहे. आणि नेमकी हीच परतीची वाट तपासावयाची राहून जाते.

आपल्या देशानें शिक्षणासाठीं ‘एड्युसॅट’ नांवाचा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजीं सोडला. त्यावरून दुतर्फा संभाषणाचीहि सोय होती. परंतु असा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत निदान अर्धा सेकंद. ऐकावयास हें थोडें वाटतें. पण तेवढ्यांत मूल पुन्हां बोलूं लागतें आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. त्यामुळें चाकूरहून मुंबई गांठण्यास त्याला सेकंदाचे कांहीं हजारांश पुरतात. तरीहि आवाज अडखळतो, त्याचें कारण अंतर नसून वाटेंतील गर्दी होय. आणि ती गर्दी पुष्कळदां शाळेच्या आवारांतच झालेली असते.

चाळीस मुलांनीं चाळीस फोनांवर एकच पाठ उघडला, तर दर फोनास दीड मेगाबिट धरले तरी साठ मेगाबिट वेग लागतो. तोच पाठ एका मोठ्या पडद्यावर घेतला, तर जाण्याचे व येण्याचे दोन-तीन मेगाबिट खात्रीचे मिळाले तरी भागतें. आवाजाला तर याचा दहावा हिस्साहि लागत नाहीं. म्हणून वाट अडली कीं आपलें चित्र बंद करावें, आवाज राखावा. जोडणी देणारे सांगतात तो वेग बहुधा येण्याचा असतो. जाण्याचा वेग किती, हें मुद्दाम विचारावें, आणि तो रविवारीं सकाळीं मोजूं नये. सोमवारीं अकरा वाजतां, गांवांतील कचेऱ्या आणि बँका भरांत असतांना मोजावा.

भोवतालच्या खेड्यांची अडचण निराळी. २०११ सालीं मंजूर झालेली आणि २०१५ पासून ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाणारी योजना कांचतंतु ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठीं आहे. ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंतचीं उरलेलीं पावलें कोणी चालावयाचीं, हा प्रश्न उरतोच.

शाळेंत आल्यावर वाय-फायवर विसंबूं नये. त्याच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांस न अडविणाऱ्या वाटा तीनच. शिवाय जाड दगडी भिंत लहरींना फारशी दाद देत नाहीं. राउटरपासून वर्गाच्या संगणकापर्यंत सरळ वायर ओढावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. वीज गेल्यावर काय, याचा विचार बहुतेक जण करतात आणि संगणक इन्व्हर्टरवर घेतात. राउटर मात्र मुख्याध्यापकांच्या खोलींत साध्या खटक्यावर राहतो! ज्याला वीस वॅटहि पुरत नाहींत असें क्वचितच होतें, त्याच्यापायीं वर्ग बुडावा हें विचित्र आहे.

आवाजाविषयीं आमचे मास्तर लोक सर्वांत बेफिकीर. पत्र्याखालच्या रिकाम्या खोलींत स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून पुन्हां मायक्रोफोनांत शिरतो, आणि दूरच्या गुरुजींस आपलेंच बोलणें ऐकूं येतें. स्पीकर पुढें ठेवावा, मायक्रोफोन त्यापासून दूर, मुलांच्या मधोमध. जमिनीवर सतरंज्या आणि भिंतींवर जाड पडदे लावल्यानेंहि पुष्कळ फरक पडतो.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पडद्यावरून परदेशांतील वर्गांशीं मुलांची गांठ घालून देणें हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. तेव्हां लहान गांवीं हें जमत नाहीं, असें म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र वर्गांत आपला एक शिक्षक हजर हवाच. बुजरें मूल अनोळखी चेहऱ्याला प्रश्न विचारीत नाहीं. त्याला कोणीतरी उठवावें लागतें.

शहरांतील अनेक कुटुंबें आपल्या मूळ गांवच्या शाळेस मोठा पडदा भेट देतात. त्यांना माझें सांगणें आहे कीं, पडद्याआधीं वायर, इन्व्हर्टर, बरा मायक्रोफोन आणि जोडणीचें वर्षभराचें भाडें द्या. मग पाठ सुरू होण्यापूर्वीं पंधरा दिवस, रोज त्याच वेळीं, अर्धा तास तालीम होऊं द्या. शेवटच्या बांकावरील मुलीला प्रश्न विचारूं द्यावा, आणि तो दूरच्या गुरुजींना कसा ऐकूं आला हें त्यांच्याकडूनच लिहून घ्यावें. उन्हाळ्याच्या सुटींत भाडें थकून जोडणी तुटली, तर ही तालीम जूनमध्यें पुन्हां पहिल्यापासून करावी लागेल.