एका बॅटरीवर तीन उपकरणे

मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी करणारे आमचे शिबिर एका पाड्यावरच्या शाळेत होते. वीज सकाळीच गेलेली, तरी काळजी नव्हती. डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा हातातला कॅमेरा, फोटो साठवणारा टॅबलेट आणि छोटा एलईडी दिवा, तिन्ही एकाच पॉवर बँकेवर चालत होते. तिच्यावर २०,००० एमएएच असे छापलेले. दिवसभर सहज पुरेल असे सगळ्यांनी धरून चालले होते. मीही.

बाराच्या सुमारास एका आजींच्या उजव्या डोळ्याचा फोटो झाला आणि डाव्याच्या वेळी कॅमेरा बंद पडला. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले, म्हणजे पुढचे काही तास त्यांना धूसरच दिसणार. चार किलोमीटर चालत आलेल्या आजींना 'पुन्हा या' कसे म्हणायचे?

कारण साधेच निघाले. कुणीतरी पॉवर बँकेच्या रिकाम्या पोर्टला आपला मोबाइल लावला होता. अनेक पॉवर बँकांमध्ये नवे उपकरण जोडले की आतले सर्किट वीजवाटप नव्याने ठरवते आणि त्या क्षणी सगळ्यांचाच पुरवठा तुटतो. मोबाइल, टॅबलेट यांच्यात स्वतःची बॅटरी असते, त्यांना फरक पडत नाही. थेट वायरवर चालणारा कॅमेरा मात्र बंद होतो. कॅमेऱ्यात नकली बॅटरी बसवून बाहेरून वीज घेणाऱ्या छायाचित्रकारांनाही हा फटका बसू शकतो.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला, आजींचा डावा डोळाही टिपला गेला. त्यात रक्तस्रावाचे ठिपके होते. आजींची तक्रार काहीच नव्हती. मधुमेहाने पडदा बिघडू लागला तरी सुरुवातीला दिसण्यात फरक पडत नाही, म्हणून तर वर्षातून एकदा तपासणी सांगतो. पण पाऊण तासात पॉवर बँकच संपली. रांगेत नऊ जण उरले होते. पुढच्या आठवड्यात त्यांतले पाचच आले.

रुग्णांना साखरेचा हिशेब ठेवायला सांगणाऱ्या मी विजेचा हिशेब घरी आल्यावर केला. एमएएचचा आकडा आतल्या सेलच्या साधारण ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. म्हणून वॅट-तास पाहावेत: २०,००० गुणिले ३.७ भागिले १,०००, म्हणजे ७४. त्यातला पाचवा हिस्सा तरी व्होल्टेज बदलताना उष्णतेत जातो, उरतात साठ. कॅमेरा ५ वॅट, टॅबलेट ८, दिवा ३, एकूण १६. साठ भागिले सोळा, पावणेचार तास. नऊला सुरू केलेले काम पाऊण वाजता थांबणारच होते!

आणखी एक, डॉक्टर म्हणून. तिन्ही वायरी लावलेली पॉवर बँक तापते. ती उन्हात, उशीखाली किंवा बंद पिशवीत ठेवू नका. फुगलेली असेल तर वापरणे थांबवा, टोचू तर मुळीच नका. लिथियम बॅटरीचा भाजलेला हात मी पाहिला आहे. विमानात ती हातातल्या सामानातच न्यावी लागते.

आता शिबिराला दोन पॉवर बँका जातात. एकीवर फक्त कॅमेरा असतो आणि तिच्या रिकाम्या पोर्टवर आमच्या सिस्टरांनी ड्रेसिंगची चिकटपट्टी लावून टाकली आहे.