गोदावरी नाशिकमधून वाहते

‘द गोदावरी फ्लोज थ्रू नाशिक’ या वाक्यातला काळ साधा वर्तमानकाळ. घटना आत्ता घडते आहे असे तो सांगत नाही. ती नेहमीची, कायमची आहे असे सांगतो. पावसाळ्यात पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, की ‘द वॉटर इज राइझिंग’ म्हणायचे, कारण ते त्या घडीचे चित्र आहे.

मराठीत ‘पाणी चढतं’ आणि ‘पाणी चढतंय’ पुष्कळदा एकमेकांच्या जागी खपून जातात. इंग्रजी एवढी सैल नाही. सवयी, निसर्गनियम आणि वेळापत्रक साध्या वर्तमानकाळात येते. म्हणून गाडी उद्याची असली तरी ‘द पंचवटी एक्स्प्रेस लीव्ज टुमॉरो मॉर्निंग’ बरोबर.

रूप तसे सोपे. मराठी क्रियापद ‘येतो, येते’ असे लिंगही दाखवते. इंग्रजीत ‘ही’ आणि ‘शी’ दोघांनाही ‘कम्स’च. तृतीयपुरुषी एकवचनात शेवटी ‘एस’ किंवा ‘ईएस’ लागतो, इतकेच. खरी गडबड नकारात होते: ‘डज नॉट’ आला की तो ‘एस’ त्यातच जातो. ‘शी डज नॉट कम्स’ चूक, ‘शी डज नॉट कम’ बरोबर. प्रश्नातही तसेच: ‘डज शी कम?’