महामंडळांचा हिशेब कोण विचारतो?



शेतकी विभागाच्या या सदरात आम्ही एरवी बेणे, लागणीची अंतरे, हुमणी, खोडव्यातील पाचट अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. कारण असे की, गटवार सभांना गेले म्हणजे उसाचे बोलणे अर्ध्या तासात आटोपते आणि पुढचा तासभर वीज, कालव्याचे आवर्तन आणि एसटीची गाडी यांवरच जातो. अशा सभांतून एक प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "साहेब, कारखान्याला आम्ही वार्षिक सभेत विचारतो. पण ह्या महामंडळांना कोण विचारतं?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. विचारणारे आहेत. ते कोण, कसे विचारतात आणि त्यांचे हात कुठे थिटे पडतात, याची माहिती सभासदांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

महामंडळ म्हणजे काय?

सरकारचे जे काम व्यापारी पद्धतीने, झटपट व्हावे असे वाटते, ते सचिवालयाच्या फायलीतून बाहेर काढून वेगळ्या संस्थेकडे देतात. एसटी महामंडळ हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या झाल्या. महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळ १९६५ चे. कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली विधिमंडळाने खास कायदा करून काढले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टी.एम.सी. पाणी अडवायचे, आणि लवादाच्या निर्णयाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकतो, म्हणून ही घाई. त्यासाठी लोकांकडून रोखे विकून पैसा उभा केला आणि त्याला राज्य सरकारची हमी राहिली.

हमी म्हणजे काय हे सभासदांना आम्ही सांगायला नको. लिफ्टच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस रात्री कसा झोपतो ते ज्याचे त्याला ठाऊक. कर्जदाराने भरले नाही तर जामीनदाराने भरायचे. सरकार जामीन, म्हणजे शेवटी तिजोरी जामीन, आणि तिजोरी म्हणजे तुम्ही-आम्ही.

महामंडळाला मोकळीक दिली की काम लवकर होते हे खरे. पण खात्याचा प्रत्येक खर्च जसा अंदाजपत्रकात ओळीने येतो, तसा महामंडळाचा येत नाही. म्हणजे मोकळीक वाढली तितकी नजर कमी झाली. ही अडचण देशाच्या ध्यानात फार लवकर आली, आणि ती आणून देणारे प्रकरण मोठे बोधप्रद आहे.

मुंदडा प्रकरणाचा धडा

१९५६ साली विमा धंद्याचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ जन्मास आले. पैसा कुणाचा? शाळामास्तर, कारकून, छोटे दुकानदार यांनी महिन्याच्या महिन्याला भरलेल्या हप्त्यांचा. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या जूनमध्ये, या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी महामंडळाची स्वतःची समिती होती. तिला आधी विचारलेच नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेत हा प्रश्न लावून धरला तो फिरोझ गांधी यांनी. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद, शिवाय पंतप्रधान नेहरूंचे जावई. पण पैसा लोकांचा आहे, तेव्हा विचारलेच पाहिजे, हा त्यांचा बाणा. अखेर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांची एकसदस्य चौकशी नेमली गेली. मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि ती ऐकण्यास एवढी गर्दी लोटली की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. अवघ्या महिनाभरात चौकशी पुरी झाली. सचिवाने काय केले ते मला ठाऊक नाही, असे मंत्र्याला म्हणता येणार नाही, आपल्या खात्याच्या कृत्याची जबाबदारी त्याचीच, असा छगला यांचा निष्कर्ष निघाला. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

आता बघा, हे सारे उघडकीस आले ते एका जागरूक सभासदामुळे. पण दर वेळी असा सभासद कुठून आणायचा? नेमाने तपासणारी कायमची व्यवस्था नको काय? ही मागणी डॉ. लंका सुंदरम् यांनी १९५३ सालीच लोकसभेत केली होती. प्रकरणानंतर तिला जोर आला. कृष्ण मेनन यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस पक्षाच्या समितीने १९५९ साली तशी शिफारस केली, आणि १ मे १९६४ पासून संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती कामास लागली. आपल्या राज्याच्या विधिमंडळातही लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती व पंचायत राज समिती काम करतात. यांतली शेवटची जिल्हा परिषदेत येणार म्हटले की तिथल्या कचेऱ्यांत दिवे उशिरापर्यंत का जळतात, ते जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यास विचारावे.

काम कसे चालते?

आपल्या वजनकाट्याचेच उदाहरण घेऊ. काट्यावर वजन करतो काटा क्लार्क. पण काटा बरोबर आहे की नाही हे तो स्वतः ठरवत नाही. ते वजनमापे खात्याचे लोक प्रमाणित वजने ठेवून तपासतात, आणि अचानक भरारी पथकही येते. तोलणारा वेगळा, तोल तपासणारा वेगळा. विधिमंडळाची देखरेख याच तत्त्वावर उभी आहे.

पहिली तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांची. राज्यघटनेच्या १४८ ते १५१ या कलमांनी त्यांना सरकारपासून स्वतंत्र ठेवले आहे. आपल्या राज्यासाठी त्यांची कार्यालये मुंबईस व नागपुरास आहेत. ज्या कंपनीत सरकारचे ५१ टक्के वा अधिक भांडवल, तिचा ऑडिटर कोण हे कंपनी ठरवीत नाही, महालेखापरीक्षक ठरवितात. शिवाय त्यावर स्वतःची पुरवणी तपासणी करतात. एसटीसारख्या महामंडळाचे ऑडिट तर तेच करतात. ते केवळ बेरीज-वजाबाकी पाहत नाहीत. पंप घेतले पण बसवले नाहीत, कालवा खोदला पण मधली दोनशे मीटर जमीन ताब्यात नाही म्हणून पाणी पुढे गेले नाही, निविदा न मागवता काम दिले, अशा गोष्टी ते परिच्छेद पाडून लिहितात. हा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवला जातो.

दुसरी तपासणी समितीची. अहवाल जाडजूड असतो. सबंध सभागृहात बसून त्यावर चर्चा होणे शक्य नाही. म्हणून सर्व पक्षांचे थोडे थोडे आमदार निवडून समिती होते. मंत्री तिचा सभासद नसतो. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. तो पहिला मान मिनू मसानी यांना मिळाला. समिती परिच्छेद निवडते, खात्याकडून लेखी खुलासा मागते, मग सचिव आणि महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक यांना साक्षीला बोलावते. महालेखापालांचे अधिकारी शेजारी बसून कोणता कागद कुठे आहे ते समितीला दाखवितात. त्यामुळे "चौकशी करून कळवतो" या उत्तरावर फार वेळ निभत नाही. शेवटी समिती आपला अहवाल सभागृहाला सादर करते आणि शिफारशींवर काय केले ते खात्याने ठराविक मुदतीत कळवायचे असते. संसदेत ही मुदत सहा महिन्यांची आहे.

हात कुठे थिटे पडतात?

गोड गोड तेवढेच सांगावे, हा आमचा स्वभाव नाही. म्हणून दुसरी बाजूही पाहू.

एक, समिती शिफारस करते, हुकूम करीत नाही. कुणाला निलंबित करणे वा पैसे वसूल करणे तिच्या हाती नाही. ते शासनाने करायचे असते. दोन, सरकारचे मोठे धोरण आणि महामंडळाचा रोजचा कारभार हे दोन्ही विषय सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. तुमच्या डी.पी.चा फ्यूज समिती बदलून देणार नाही. तीन, आणि हेच मुख्य, सारे काम मागाहून होते. पैसा खर्च झाल्यावर ऑडिट, ऑडिटनंतर साक्ष, साक्षीनंतर अहवाल. तोवर अधिकारी बदलून जातो, ठेकेदार बिल घेऊन जातो. पाण्याची पाळी चुकल्यावर आलेले आवर्तन उसाला जेवढे उपयोगी, तेवढाच पुष्कळदा हा अहवाल.

मग उपयोग काय? उपयोग धाकाचा. शेजाऱ्याच्या नजरेत असलेले पीक कुणी सहसा चोरत नाही. आपण लिहिलेली टिपणी उद्या कुणीतरी काढून वाचणार आहे, हे ठाऊक असलेला अधिकारी सही करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

मोफत विजेचे बिल

आता एक ताजी गोष्ट. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. शेतकऱ्याचे बिल राज्य सरकार महावितरणला देते. आपल्या खिशाला दिलासा मिळाला, यात वाद नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिल हातात पडत होते तेव्हा प्रत्येक शेतकरी स्वतःच एक तपासनीस होता. पंप पाच हॉर्सपॉवरचा आणि आकारणी साडेसातची झाली, बंद विहिरीवर बिल आले, की तो तावातावाने ऑफिस गाठायचा. आता बिल दुसराच भरतो, म्हणून कागदाकडे बघतो कोण? किती पंपांचे, किती हॉर्सपॉवरचे, किती युनिटचे पैसे तिजोरीतून गेले, हा प्रश्न आता शेताच्या बांधावर विचारला जात नाही. तो महालेखापालांनी आणि समितीनेच विचारायचा राहिला. म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे भरायचे नसले तरी बिल वाचा. जोडभार चुकीचा असेल तर लेखी कळवा. चुकीच्या आकड्यावर अनुदान गेले तर ते कुणा दुसऱ्या शेतकऱ्याच्या ठिबकचे वा पाझर तलावाचे पैसे आहेत.

आणि आपला कारखाना?

काही सभासद विचारतील, समिती आपल्या कारखान्याला का विचारीत नाही? कारण कारखाना सरकारी उपक्रम नव्हे. तो तुमचा आहे. सरकारने भागभांडवल किंवा हमी दिली असेल तर त्या पैशापुरता प्रश्न महालेखापाल सहकार खात्याला विचारू शकतात. बाकी आपले ऑडिट महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ८१ प्रमाणे होते, आणि ऑडिटचा अहवाल येतो तो तुमच्यापुढे, कलम ७५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. म्हणजे विधिमंडळात जी जागा समितीची, ती इथे सभासदाची.

मग ती जागा आपण कशी चालवतो? विषय वाचून पुरा होत नाही तोच मागून "मंजूर, मंजूर" अशी आरोळी उठते, आणि दोष दुरुस्ती अहवालाचे पान कुणी उलटत नाही. हे कुठल्या एका कारखान्यापुरते नाही, सर्वत्रच दिसते. आम्ही कारखान्याचे नोकर आहोत हे न विसरता सांगतो, विचारलेल्या प्रश्नाने कारखाना अडचणीत येत नाही. न विचारलेल्या प्रश्नांनी येतो.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१) वार्षिक अहवाल घरी आला की तो शिकणाऱ्या मुला-मुलींकडून वाचून घ्यावा. ऑडिटरचा शेरा आणि दोष दुरुस्ती अहवाल आधी पाहावा.

२) प्रश्न सभेपूर्वी लेखी द्यावा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येते. कलम ३२ प्रमाणे सभासदास ठराविक कागद पाहण्याचा हक्क आहे.

३) विजेची वैयक्तिक तक्रार ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंचाकडे न्यावी. तो २००३ च्या वीज कायद्यानेच दिलेला आहे. महामंडळाचा कागद हवा असल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ आहे.

४) प्रश्न एकट्याचा नसून सबंध गावाचा असेल, तर तारीख, ठिकाण, रक्कम असा तपशील लिहून आपल्या आमदारांना द्यावा. "महामंडळ चोर आहे" या वाक्याने काही होत नाही. "अमुक चारीला तीन वर्षे पाणी नाही, दुरुस्तीचे बिल मात्र निघाले" या वाक्याने होते.

५) महालेखापालांचा अहवाल सभागृहापुढे ठेवल्यावर तो सर्वांना खुला असतो. गावातील शिकलेल्या तरुणांनी सिंचन व वीज यांवरील परिच्छेद चावडीवर वाचून दाखवावेत.

फिरोझ गांधींनी विचारले ते सव्वा कोटींचे. आपले प्रश्न दोन टन वजनाचे, पाच हॉर्सपॉवरचे, एका आवर्तनाचे असतील. पण हिशेब विचारण्याची सवय लागते ती लहान आकड्यांपासूनच. यंदाच्या वार्षिक सभेस जास्तीत जास्त सभासदांनी, विशेषतः भगिनी सभासदांनी, हजर राहावे आणि येताना अहवाल वाचून यावे, ही आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग