साखळीला बांधलेलं कुत्रं चिडकं का होतं? कुत्र्या-मांजरांना रोजचा व्यायाम किती आणि कसा द्यावा

पाचूबंदर (वसई) : बंदरावरच्या कुत्र्या-मांजरांना व्यायाम शिकवायची गरज नाही. होडी लागली, टोपल्या उतरल्या की ती आपोआप धावतात. उंदराच्या मागे मांजर जाळ्यांच्या ढिगात शिरतं. प्रश्न आहे तो घरी पाळलेल्यांचा. राखणीसाठी आणलेलं कुत्रं दिवसभर अंगणात साखळीला असतं आणि मांजर पंख्याखाली लोळत पडतं.

बांधून ठेवलेलं कुत्रं 'कडक राखण' करतं असा आपल्याकडे समज आहे. तसं होत नाही. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्याला ते घाबरून चावतं, आणि जवळ जातात ती बहुतेक लहान पोरं. अंगातली रग जिरली नाही की उगाच भुंकणं, उकरणं, चपला फाडणंही सुरू होतं. शिवाय वजन वाढतं. लॅब्रॅडॉर तर खाण्याला हावरटच. बरगड्यांवरून हात फिरवा. हाडं बोटांना लागली नाहीत, तर कुत्रं जाड झालंय असं समजा. जाडेपणाने सांधे दुखतात, दम लागतो.

तरण्या, धडधाकट कुत्र्याला सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास फिरवणं पुरेसं आहे. म्हाताऱ्याला कमी, पण रोज. एक दिवस तीन तास पळवून आठवडाभर बांधून ठेवण्याचा काही उपयोग नाही. वेळ मात्र उन्हाआधीची किंवा उन्हं उतरल्यावरची हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं तेव्हाच अंग थंड होतं. बसक्या नाकाच्या पगला हे नीट जमत नाही, त्याला जास्त जपा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

किनाऱ्यावर नेलंत तर पट्टा सोडू नका. वाळूत गळ असतात, तुटलेली जाळी असतात. पोट फुगवणारा केंड मासा मरून पडलेला असला तर त्याला तोंड लावू देऊ नका, तो विषारी असतो. खारं पाणी प्यायल्यावर कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात, म्हणून घरून बाटलीत पाणी न्या. परत आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, घरची माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. म्हणजे कुत्र्याला फिरवायला घरात माणूस आहे, फिरवायची सवय लावायला यापेक्षा चांगले दोन महिने कुठले? फक्त साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. त्याची लस आणि रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या. फिरायला निघालं की भटक्या कुत्र्यांशी गाठ पडणारच.

मांजराची गोष्ट वेगळी. ते पट्ट्याने फिरणारं जनावर नाही. झडप घालायची, दमायचं, झोपायचं हा त्याचा स्वभाव. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं खेळवा, शक्यतो पहाटे आणि तिन्हीसांजेला, कारण तीच त्याची शिकारीची वेळ. कागदाचा बोळा चालतो, काठीला बांधलेली चिंधीही चालते. पण जाळ्याचा नायलॉनचा धागा कधीच देऊ नका. गिळला तर आतडं कापतो. खेळ झाला की ती काठी उचलून ठेवा.

मांजर जाड झालं म्हणून त्याला उपाशी ठेवणंही धोक्याचं. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं. खाणं थोडं थोडं कमी करा आणि खेळ वाढवा. खारवलेला मासा बंदच. बोका सारखा मुतायला बसतोय पण होत नाही, असं दिसलं तर आळस समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.